कर्जाची खते आणि कर्जदाराचे मन : देहू ते सुपे

१/२४
कर्जाचा इतिहास आपण बहुधा आकड्यांतून वाचतो. मुद्दल किती होते, व्याज किती चढले, जमीन कोणाच्या नावावर गेली. ज्याच्या डोक्यावर ते कर्ज होते त्याला रात्री झोप लागत होती का, गावातून तो मान वर करून चालत होता का, हे आकडे सांगत नाहीत. आजचा धागा त्या माणसाच्या मनाविषयी आहे.

२/२४
प्रसंग दोन आहेत आणि दोन्ही आजच्या पुणे जिल्ह्यातले आहेत. पहिला सतराव्या शतकातला, इंद्रायणीकाठच्या देहूचा. दुसरा १८७५ सालचा, सुपे गावच्या बाजारातला. पहिल्यात कर्जाची खते पाण्यात गेली, दुसऱ्यात आगीत. एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. खते नष्ट होण्यापूर्वी आणि नंतर माणसांच्या मनात काय घडत होते, याचा माग साधनांतून किती लागतो, ते पाहू.

३/२४
विषय सुचण्याचे कारण खासगी आहे. मागच्या वर्षी माझी फेलोशिप काही महिने रखडली. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, खोलीचे भाडे, मेसचे पैसे एकाच वेळी थकले. मी घरी काही सांगितले नाही. मैत्रिणींबरोबर चहाला जाणे बंद केले आणि बँकेचे संदेश न उघडताच पुसू लागले. त्याच दिवसांत एका निबंधासाठी दख्खनच्या दंग्यांविषयीची कागदपत्रे वाचत होते. त्यांतली माणसे मला एकाएकी ओळखीची वाटू लागली.

४/२४
आधी देहू. तुकोबांचे घराणे जातीने कुणबी, व्यवसायाने व्यापारी. घरी शेती, दुकान, सावकारी आणि गावची महाजनकी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, धाकटे कान्होबा. त्यामुळे संसाराचा आणि व्यापाराचा भार मधल्या तुकोबांवर फार लवकर आला. म्हणजे आपल्या कथेतला पहिला माणूस कर्ज देणाऱ्यांच्या घरातला आहे, हे ध्यानात ठेवावे.

५/२४
मग आघात एकामागून एक आले. आई-वडील गेले. सावजींची पत्नी वारली आणि ते तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच १६३० साली पाऊस फिरला. १६३० ते १६३२ चा हा दुष्काळ गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रदेशांत पडला होता. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘पादशाहनामा’त त्याचे वर्णन केले आहे. सुरतेहून उत्तरेकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेली प्रेते नोंदवून ठेवली आहेत. दख्खनेत तेव्हा युद्धही चालू होते. म्हणजे आकाश आणि राज्य, दोन्ही एकाच वेळी फिरली होती.

६/२४
तुकोबांच्या जन्मसालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १६०८ हे प्रचलित साल धरले, तर दुष्काळात त्यांचे वय बाविशीच्या आसपास येते. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या अनेकांच्या वयाचा एक तरुण. त्याचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाई अन्नावाचून दगावली. लहानगा मुलगाही गेला.

७/२४
या काळाविषयी तुकोबांचे स्वतःचे निवेदन आपल्याजवळ आहे. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात ते सांगतात की दुष्काळाने द्रव्य नेले, मानही नेला, पत्नी अन्न अन्न करीत मेली. आणि त्यापाठोपाठ ते आणखी एक गोष्ट सांगतात : आपल्याला लाज वाटली. इतिहासाच्या साधनांत लाज ही भावना इतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदलेली आढळते. दुष्काळ तुकोबांनी आणला नव्हता, तरी लाज त्यांनाच वाटली.

८/२४
असे का व्हावे? याचे उत्तर काही अंशी आपल्या भाषेतच आहे. ‘पत’ या शब्दाचा एक अर्थ उधार मिळण्याची योग्यता, दुसरा अर्थ अब्रू. गावच्या व्यवहारात हे दोन अर्थ वेगळे नव्हतेच. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या शब्दालाही किंमत नाही, असा तो हिशेब. त्यामुळे दुकान बुडाले की माणूस स्वतःलाच बुडालेला समजू लागतो. आर्थिक संकट मनात शिरते ते बहुधा याच दाराने.

९/२४
पुढचा भाग महिपतीबुवांच्या चरित्रलेखनातून येतो. महिपती (१७१५–१७९०) तुकोबांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होते आणि लिहीत होते ते संतचरित्र. तेव्हा तपशील सावधपणेच घ्यायचा. त्यांच्या कथनानुसार तुकोबा घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर गेले आणि सुमारे पंधरा दिवस तेथेच राहिले. परंपरा याकडे साक्षात्काराची पूर्वपीठिका म्हणून पाहते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते : इतक्या मृत्यूंनंतर आणि अपमानानंतर माणसांपासून दूर गेलेला एक तरुण.

१०/२४
या कथेत धाकट्या भावाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. कान्होबांनी रानोमाळ शोध घेतला, तुकोबांना गाठले आणि इंद्रायणीकाठी आणले. तेथे घरातली खते काढण्यात आली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे ते कागद होते. महिपती सांगतात की त्यांचे दोन भाग झाले. कान्होबांना संसार चालवायचा होता, म्हणून अर्धी खते त्यांना मिळाली. आपल्या वाट्याची खते तुकोबांनी नदीत सोडली.

११/२४
पुढे तुकोबांच्या अभंगांच्या वह्या याच इंद्रायणीत बुडविण्यात आल्या. तो प्रसंग वेगळा, त्याची येथे गल्लत करू नये. खतांच्या प्रसंगात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक : बुडाली ती येणी होती, त्यामुळे गावातली कित्येक कुळे मोकळी झाली आणि दुष्काळात होरपळलेल्यांकडे तगादा लावण्याच्या कामातून तुकोबा स्वतःही सुटले. दोन : निर्णय त्यांनी फक्त स्वतःच्या वाट्यापुरता घेतला, भावाच्या पोटावर पाय दिला नाही. तीन : हे काम एकट्याने झाले नाही. भाऊ शेजारी बसलेला होता.

१२/२४
‘सर्व सोडून निघून गेले’ असा या कथेचा सारांश सांगितला जातो. तो अपुरा आहे, कारण तुकोबा देहूला परत आले. पूर्वजांनी उभारलेले विठ्ठलाचे मोडकळीस आलेले देऊळ त्यांनी दुरुस्त केले. एकादशीला कीर्तनात उभे राहू लागले. आधीच्या संतांची वचने पाठ केली. हातांना काम, दिवसाला क्रम आणि भोवती माणसे, अशी ही मांडणी होती. तिला आजच्या अर्थाने मानसोपचार म्हणणे कालविपर्यास ठरेल. परंतु खचलेला माणूस कशाच्या आधाराने उभा राहिला, हे विचारले तर साधने एवढे उत्तर निश्चित देतात.

१३/२४
येथे जिजाईंचे नाव घेतले नाही तर हा इतिहास अर्धवट राहील. तुकोबांच्या या दुसऱ्या पत्नीला परंपरेने ‘कजाग’ ठरवून टाकले. पण खते नदीत गेल्यावरही घरात चूल पेटवायची होतीच. जिजाईंनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून पतीला पुन्हा व्यापारास धाडले, असेही चरित्रात येते. एकाच्या मनःशांतीचा खर्च घरातले दुसरे कोणी सोसत असते. त्या माणसाची नोंद घेणे हेही इतिहासाचे काम आहे.

१४/२४
आता सुमारे अडीच शतके पुढे येऊ. जिल्हा तोच, पण कागदाची ताकद बदललेली आहे. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाशी जुळवून घ्यावे लागे. इंग्रजी अमलात खताच्या पाठीशी दिवाणी न्यायालय उभे राहिले. शेतसाऱ्याची जबाबदारी रयतवारीने थेट शेतकऱ्यावर टाकली. सारा रोख आणि वेळेवर भरायचा, मग पीक येवो न येवो. पैसे नसतील तर सावकाराच्या दारात जायचे आणि त्याने लिहिलेल्या खतावर अंगठा उठवायचा.

१५/२४
त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथला कापूस अडकला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले, कर्जे मात्र उरली. १८६७ पासून इंदापुरापासून आरंभ करून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि दर मोठ्या प्रमाणात वाढले. नेमके तेव्हाच सावकारांनी नवे कर्ज देणे आखडले. शेतकरी आळशी किंवा उधळा होता म्हणून कर्जात बुडाला, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा कागदावर मांडून पाहावा.

१६/२४
कायद्यांचाही उलटा परिणाम झाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज साचत जाऊ नये हा हेतू होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्यास सुरुवात केली. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. वाचता न येणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी आपले कर्ज फुगलेले दिसे, ते का फुगले हे मात्र कळत नसे. न समजणाऱ्या आकड्याची भीती ही ठाऊक असलेल्या आकड्याच्या भीतीहून मोठी असते.

१७/२४
दंग्यांच्या चौकशीत पुढे आलेला एक कागद पाहा. तारीख ६ नोव्हेंबर १८७३. शेतकरी लिहून देतो की कर्जापोटी मी माझ्या लोखंडी आसांच्या दोन गाड्या आणि चार बैल तुम्हांस विकले आहेत. त्याच गाड्या आणि तेच बैल मी आता तुमच्याकडून दरमहा चार रुपये भाड्याने घेत आहे. भाड्याची पावती जवळ नसेल तर भाडे दिले होते, अशी तक्रार करणार नाही. ज्या बैलांना त्याने वाढवले, त्यांचाच तो भाडेकरू झाला होता.

१८/२४
दुसरा कागद कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या शेतकऱ्याने अहमदनगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज. घरखर्च भागत नाही म्हणून सावकाराकडे धान्य, कपडा आणि पैसा मागावा लागतो, असे तो सांगतो. रोखीने घेणाऱ्यापेक्षा आम्हांला २५ ते ५० टक्के जास्त भाव लावतात. शेतातला माल उचलून नेतात, तो खात्यावर जमा करू म्हणतात आणि नोंदच करीत नाहीत. पावतीही देत नाहीत. या अर्जापाशी मी बराच वेळ थांबले. संकटातल्या या माणसाने आपल्या त्रासाची मुद्देवार मांडणी केली होती. मी मात्र स्वतःच्या थकबाकीची साधी बेरीजही केलेली नव्हती.

१९/२४
या अवस्थेचे आतले चित्र महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात रेखाटले आहे. सरकारी दारातून निराश होऊन परतलेला एक शेतकरी घरी येऊन पडतो आणि स्वतःशीच बोलत राहतो. तोच हिशेब, तीच हळहळ, पुन्हा पुन्हा. आज आपण ज्याला चिंतेचे चक्र म्हणतो, त्याचे एवढे जवळून केलेले वर्णन एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात दुर्मीळ आहे. फुल्यांचे वैशिष्ट्य असे की ते त्या शेतकऱ्याला कमकुवत मनाचा ठरवत नाहीत. त्याच्या मनापासून निघून ते कचेरी, न्यायालय आणि सावकारापर्यंत जातात.

२०/२४
डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा मिळवून गावच्या देशमुखांचे राहते घर पाडायला काढले. ज्याच्या दारात गाव न्यायासाठी जाई, त्याची ही दशा. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे लोक जमले, सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले आणि खते मागून घेऊन जाळली. वणवा पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंत पसरला. रोख कागदांवर होता. जीवितहानीच्या मानाने खतांची होळी फार मोठी होती, हे चौकशी आयोगानेही नोंदवले.

२१/२४
याचे उदात्तीकरण करू नये. दुकानांच्या आत सावकारांची बायकामुले भेदरून बसली होती. रोष विशेषतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता आणि त्यात परकेपणाचाही भाग होता. शेकडो लोकांना अटक झाली, तुरुंगवास घडला. पण सुप्याच्या बाजारात एक गोष्ट उघड झाली. न्यायालयात प्रत्येक शेतकरी एकेकटा उभा राही आणि एकेकटाच हरे. बाजारात त्याला दिसले की ही गोष्ट आपल्या एकट्याची नाही. नंतर आयोगाने अहमदनगर जिल्ह्यातली बारा गावे तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते आणि त्यांचे सरासरी कर्ज साऱ्याच्या अठरापट होते. प्रत्येक घरात लपवून ठेवलेली लाज ही खरे तर सार्वजनिक बाब होती.

२२/२४
आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद करणे थांबले. खतावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता, मूळ कर्ज किती होते येथपासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सावकाराने पावती देणे आणि खात्याचा उतारा देणे बंधनकारक झाले. मिरजगावचा अर्ज आठवा : पावती देत नाहीत, नोंद करीत नाहीत. कायद्याने पळवाटा उरल्याच, गहाणाऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची युक्ती सावकारांनी काढली. तरीही कर्ज फेडता न येणे हा तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा नव्हे, हे प्रथमच इतक्या ठळकपणे कायद्यात उतरले.

२३/२४
देहू आणि सुपे यांत फरक फार आहेत. एकीकडे येणी सोडून देणारा, दुसरीकडे देण्याखाली चिरडलेले. तरीही दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. जोवर खत पेटीत आणि लाज मनात होती, तोवर माणूस आतून पोखरला जात होता. कागद दुसऱ्या कोणासमोर उघडला गेला, तेव्हा त्याचा भार हलू लागला. देहूला तो भावासमोर उघडला, मिरजगावने तो कलेक्टरसमोर मांडला, सुप्यात तो साऱ्या बाजारासमोर आला. यातून दुष्काळ टळला नाही आणि साराही कमी झाला नाही. पण ‘दोष माझा एकट्याचा’ हा समज मोडला, आणि पुढचे पाऊल टाकता आले ते त्यानंतरच.

२४/२४
माझी गोष्ट लहान आहे. एका रविवारी मी दादाला फोन केला आणि सगळे सांगितले. त्याने पहिला प्रश्न विचारला, “एकूण किती?” मला उत्तर देता येईना. मग आम्ही दोघांनी फोनवरच यादी केली. कोणाचे देणे आधी, कोणाकडे मुदत मागता येईल, बँकेला काय लिहायचे. बेरीज माझ्या भीतीपेक्षा लहान निघाली. फेलोशिप त्यानंतरही दोन महिन्यांनीच आली, पण झोप मात्र त्या रात्रीपासून लागू लागली. मित्रहो, तुमच्यापैकी कोणी असा एखादा कागद लपवून बसला असेल, तर तो आज एका विश्वासाच्या माणसासमोर उघडा. तसे माणूस जवळ नसेल, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते. आणि भामनाथावर जाऊन बसलेला एखादा मित्र तुमच्या ओळखीत असेल, तर कान्होबांसारखे उठा आणि त्याला शोधायला निघा. धागा येथे संपवते.